एका बाजूचा स्पीकर मधूनच गप्प होतो, मग आपोआप वाजायला लागतो: दोष कुठे शोधायचा

ॲम्प्लिफायर सुरू केला, उजवा स्पीकर नेहमीसारखा वाजतोय आणि डावा गप्प. कधी अगदी गप्प नसतो, पण आवाज बारीक, फाटका, लांबून आल्यासारखा येतो. व्हॉल्यूम थोडा वाढवला की डावाही खाडकन सुरू होतो आणि मग तास-दोन तास काही तक्रार नसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यावर लोक जे उपाय करतात ते सगळे एकाच जातीचे असतात. ॲम्प्लिफायरवर थाप मारायची, व्हॉल्यूमचं बटण गरागरा फिरवायचं, मागच्या वायरी हलवायच्या, नाहीतर बंद करून पुन्हा सुरू करायचा. यातल्या कशानेही आवाज परत येऊ शकतो आणि म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षं तसाच राहतो. आवाज आला की शोध थांबतो. पुढे कधीतरी दुरुस्तीला नेला, तर दुकानातल्या टेबलावर तो दिवसभर छान वाजतो, काहीच सापडत नाही आणि यंत्र होतं तसं घरी परत येतं.

मला एवढंच सांगायचं आहे की आवाज गेलेला असतो तो वेळ मोलाचा आहे. त्या वेळी काहीही हलवू नका, आपटू नका, फवारू नका. दोष समोर हजर आहे तोवर त्याची जागा शोधा. जागा कळली की पुढचं काम सहसा सोपं असतं.

असा ये-जा करणारा दोष असेल तर बहुतेक वेळा कुठलाही भाग जळालेला नसतो. जळालेला ट्रान्झिस्टर व्हॉल्यूम वाढवला म्हणून बरा होत नाही. कुठेतरी दोन धातू एकमेकांना नीट टेकलेले नसतात, एवढंच झालेलं असतं. पण अशा जागा किती आहेत ते बघा. सीडी प्लेअरची पिन, ॲम्प्लिफायरचं सॉकेट, इनपुट निवडायचा स्विच, टेप मॉनिटरचं (टेपरेकॉर्डरचा आवाज ऐकायचं) बटण, व्हॉल्यूम, बॅलन्स, मोनोचं बटण, काही यंत्रांत मागच्या बाजूला प्री-आउट आणि मेन-इन (ॲम्प्लिफायरच्या पहिल्या भागाचं बाहेर पडायचं आणि शेवटच्या भागाचं आत यायचं सॉकेट) जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, मग स्पीकरचा रिले (विजेने चालणारा स्विच), ए-बी स्पीकर स्विच, हेडफोनचं सॉकेट, स्पीकरचे टर्मिनल, वायर, स्पीकरच्या मागचे टर्मिनल, आतला क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे सूर वेगळे करणारं सर्किट) आणि शेवटी कोनपर्यंत, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यापर्यंत, जाणारी लवचीक तार. शिवाय या दोन टोकांच्या मधले सोल्डरचे शेकडो टाके. यातला नेमका कुठला सांधा सुटतोय हे अंदाजाने ओळखण्यापेक्षा वाट निम्मी-निम्मी तोडत गेलात तर चार-पाच पायऱ्यांत उत्तर मिळतं.

वायरींना हात लावण्याआधी

डावा बंद असताना सगळ्यात आधी इनपुट बदला. सीडीवर आवाज जातो आणि रेडिओवर दोन्ही बाजू ठणठणीत असतील, तर दोष सीडी प्लेअर, त्याची केबल, ते सॉकेट किंवा इनपुट स्विचमधला तेवढाच एक संपर्क यांपैकी कुठेतरी आहे. पॉवर ॲम्प्लिफायर (स्पीकर चालवणारा शेवटचा भाग), रिले, स्पीकर हे सगळे एका झटक्यात संशयातून सुटले. प्रत्येक इनपुटवर तोच स्पीकर बंद असेल तर दोष स्विचच्या पुढे आहे.

आता मोनोचं बटण असेल तर ते दाबा. मोनोमध्ये डाव्या-उजव्याचं मिश्रण दोन्हीकडे जातं. बंद बाजू मोनोत वाजायला लागली, तर मोनोच्या बटणापासून स्पीकरपर्यंतची सगळी वाट ठीक आहे आणि दोष त्याच्या अलीकडे आहे. मोनोतही ती बाजू मेलेलीच असेल, तर दोष बटणाच्या पलीकडे आहे. एक केबलही न हलवता निम्मं यंत्र बाजूला काढता येतं म्हणून ही पायरी मला फार आवडते. पण बटण परत स्टिरिओवर आणल्यावर डावा चालूच राहिला, तर मात्र त्या बटणाचाच संपर्क संशयित समजा.

मग हेडफोन लावून ऐका. दोन्ही कानांत सारखं ऐकू आलं तर निदान प्रीॲम्प्लिफायरपर्यंत (इनपुट आणि व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या पहिल्या भागापर्यंत) तरी सगळं नीट आहे. बऱ्याच जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये हेडफोनला सिग्नल पॉवर ॲम्प्लिफायरच्याच आउटपुटवरून रेझिस्टरमधून दिलेला असतो. तसं असेल तर पॉवर ॲम्प्लिफायरही सुटला आणि उरले ते फक्त रिले, स्पीकर स्विच, वायर आणि स्पीकर. काही यंत्रांत हेडफोनची पिन आत गेली की सॉकेटमधल्या स्प्रिंगच्या पट्ट्या स्पीकर तोडतात आणि पिन काढली की त्या पुन्हा टेकायला हव्यात. वर्षानुवर्षं हेडफोन लावलेच नसतील तर त्या पट्ट्यांवर काळपट थर बसतो. पिन घालून काढल्याबरोबर डावा जागा झाला, तर ते सॉकेटच दोषी असण्याची शक्यता मोठी आहे.

अदलाबदल

आता ॲम्प्लिफायर बंद करा आणि त्याच्या मागे स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा. डाव्याची जोडी उजवीकडे, उजव्याची डावीकडे. नेहमी अधिक-उणे दोन्ही तारा बदला. एकच तार बदलून बघू नका, कारण डिजिटल म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक क्लास-डी ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरची उणे तार अर्थला जोडलेली नसते. तिच्यावरही सिग्नल असतो आणि दोन बाजूंच्या उणे तारा एकत्र आल्या तर आउटपुट जळू शकतं. व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा) ॲम्प्लिफायर असेल तर तो स्पीकर न जोडता क्षणभरही वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला ते सोसत नाही.

पुन्हा सुरू केल्यावर बंद आवाजाची जागा पाहा. आधी डावा स्पीकर बंद होता आणि आताही तोच बंद असेल, तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. आता उजवा बंद झाला असेल तर दोष ॲम्प्लिफायरच्या डाव्या बाजूत किंवा त्याच्या आधी आहे. मग स्पीकर तसेच ठेवून याच पद्धतीने इनपुटच्या लाल-पांढऱ्या पिना अदलाबदल करा. बंद बाजू बदलली तर दोष सीडी प्लेअर किंवा केबलमध्ये, नाही बदलली तर ॲम्प्लिफायरमध्ये.

इथे एक अडचण येते, पण तीच उपयोगाचीही आहे. अदलाबदलीसाठी ॲम्प्लिफायर बंद करावा लागतो आणि पुन्हा सुरू केला की दोष पळून गेलेला असतो. हे वारंवार होत असेल, म्हणजे दर वेळी नुसतं बंद-चालू केल्याने आवाज परत येत असेल, तर तीच मोठी खूण आहे. बंद-चालू करताना आवाजाच्या वाटेत सहसा एकच गोष्ट प्रत्यक्ष हलते, ती म्हणजे रिले.

रिले: सर्वांत मोठा संशयित

ॲम्प्लिफायर सुरू केल्यावर तीन-चार सेकंदांनी आतून "टक" असा आवाज येतो ना, तो रिलेचा. सुरुवातीचा धक्का स्पीकरला बसू नये आणि आउटपुटवर डीसी व्होल्टेज आलं तर स्पीकर लगेच तोडता यावा यासाठी तो असतो. कॉइलला वीज मिळाली की धातूची पट्टी खेचली जाते आणि दोन छोटे गोल ठिपके एकमेकांवर टेकतात. स्पीकरला जाणारा सगळा प्रवाह त्या ठिपक्यांतून जातो.

ठिपके बहुधा चांदीच्या मिश्रधातूचे असतात. चांदीवर हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी काळा थर चढतो आणि संगीत चालू असताना रिले तुटला-जुळला तर ठिणगी पडून पृष्ठभागावर खड्डे पडतात. रिलेचं पारदर्शक झाकण काढून भिंगातून पाहिलं तर नव्या ठिपक्याची साटीनसारखी चमक आणि जुन्याच्या मध्यावरचा काळा-तपकिरी डाग यांतला फरक लगेच कळतो. बऱ्याचदा डाव्या बाजूचा ठिपका काळवंडलेला आणि त्याच रिलेतला उजव्या बाजूचा अजून बरा असतो. एकच बाजू का जाते याचं उत्तर तिथेच डोळ्यांना दिसतं.

आता व्हॉल्यूम वाढवल्यावर आवाज का येतो ते बघू. अनेक पॉवर रिलेंच्या माहितीपत्रकात जास्तीत जास्त प्रवाहाबरोबर किमान भारही दिलेला असतो, उदाहरणार्थ ५ व्होल्टला १०० मिलिअँपिअर. त्याहून कमी प्रवाहात संपर्काची खात्री उत्पादक देत नाही, कारण ठिपक्यावरचा पातळ थर फोडायला पुरेसा जोर मिळत नाही. रात्री हळू आवाजात ऐकताना ८ ओहमच्या स्पीकरला सरासरी १० मिलिवॅट जात असतील, तर प्रवाह भरतो जेमतेम ३५ मिलिअँपिअर. १ वॅटला तोच सुमारे ३५० मिलिअँपिअर होतो. म्हणजे नेहमी हळू ऐकणाऱ्याच्या घरी हा दोष लवकर जाणवतो. मोठा आवाज केला की प्रवाह थर फोडतो, संपर्क जुळतो आणि त्या दिवसापुरता टिकतो. थर मात्र जागेवरच असतो.

पक्की खात्री करायची असेल आणि वीज चालू असलेल्या उघड्या यंत्रावर मोजमाप करायची सवय असेल, तर २०० हर्ट्झचा सलग सूर हळू आवाजात वाजवा आणि रिलेच्या एका बाजूच्या दोन पिनांमध्ये, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी यांत, एसी मिलिव्होल्ट मोजा. चांगल्या संपर्कावर एक-दोन मिलिव्होल्टच दिसतात. खराब संपर्कावर दहापट, शंभरपट दिसतात. दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी ठेवले की वाद उरत नाही.

उपाय दोन. तात्पुरता म्हणजे साफ करणं. यंत्राची मेन्सची वायर काढलेली, कपॅसिटर रिकामे केलेले आणि रिलेचं झाकण उघडं असताना जाडसर कागदाची अरुंद पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ठिपक्यांच्या मध्ये सरकवा, पट्टी हलकी दाबून ठिपके टेकवा आणि कागद हळूच ओढा. कागदावर काळी रेघ उमटते. रेघ येईनाशी होईपर्यंत नव्या पट्टीने हेच करत राहा. पॉलिश पेपर किंवा कानस कधीही लावू नका. पृष्ठभागावर ओरखडे पडतात, लेप असेल तर तो निघून जातो आणि काही महिन्यांत दोष आधीपेक्षा जोरात परत येतो.

टिकाऊ उपाय म्हणजे रिले बदलणं. नवा घेताना कॉइलचं व्होल्टेज (बहुधा १२ किंवा २४ व्होल्ट डीसी), संपर्कांची संख्या आणि रचना, किती अँपिअर झेपतात आणि पिनांची मांडणी या चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. पाचवी बरेच जण विसरतात, ती म्हणजे कॉइलचा रोध. काही यंत्रांत जास्त व्होल्टेजवरून मधल्या रेझिस्टरमार्फत कॉइल चालवलेली असते. तिथे वेगळ्या रोधाचा रिले बसवला तर तो नीट खेचत नाही किंवा तापतो. सोन्याच्या लेपाचे छोटे सिग्नल रिलेही इथे बसवू नका. कमी प्रवाहात ते उत्तम काम करतात, पण स्पीकरच्या प्रवाहात तो पातळ लेप जळून जातो.

आणि हे कळकळीने सांगतो, रिले काढून त्या जागी तारेचा तुकडा सोल्डर करू नका. हा सल्ला अजूनही दिला जातो आणि त्याने आवाज येतोही. पण उद्या आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर समजा ४० व्होल्टचा पुरवठा थेट ६ ओहमच्या व्हॉइस कॉइलवर, म्हणजे स्पीकरचा कोन हलवणाऱ्या गुंडाळीवर, येईल. २६० वॅटपेक्षा जास्त उष्णता त्या केसाएवढ्या तारेत काही सेकंदांत साठेल. कॉइल जळेल आणि आगीचाही धोका आहे. रिले बदलायचे कष्ट त्यापुढे काहीच नाहीत.

ए-बी स्पीकर स्विचलाही हीच सगळी कथा लागू आहे. फक्त तो उघडणं जास्त किचकट असतं. यंत्र बंद ठेवून तो वीस-तीस वेळा खालीवर करून बघा. फरक पडला तर जागा सापडली, मग कॉन्टॅक्ट क्लीनर नेमका तिथेच मारा.

व्हॉल्यूम आणि स्विच

बटण फिरवताना खरखर येते आणि विशिष्ट जागी एक बाजू जाते, तर व्हॉल्यूम कंट्रोलच्या कार्बनच्या पट्टीवर मळ बसला आहे किंवा ती झिजली आहे. आत दोन पट्ट्या असतात, डावी आणि उजवी, म्हणून एकच बाजू जाऊ शकते. बऱ्याच नव्या ॲम्प्लिफायरमध्ये मात्र न थांबता गोल-गोल फिरणारं बटण असतं. तो फक्त यंत्राला "वाढव, कमी कर" सांगणारा एन्कोडर आहे. त्यातून आवाजाचा सिग्नल जातच नाही. तो बिघडला तर दोन्ही बाजूंचा आवाज उड्या मारतो. एकच बाजू गेली म्हणून त्याच्यात फवारा मारण्यात काही अर्थ नाही.

कार्बनच्या पट्टीच्या व्हॉल्यूम कंट्रोलसाठी, म्हणजे पॉटसाठी, त्याच कामाचा क्लीनर लागतो. गंजलेले स्क्रू सैल करायचा तेलकट फवारा इथे चालत नाही, त्याचा चिकट थर राहतो आणि धूळ ओढतो. पिनांजवळच्या फटीतून थोडासा क्लीनर आत सोडा, बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय वीज देऊ नका.

साफ केल्यावर आठवड्याभरात खरखर परत आली, तर पुन्हा फवारू नका. पॉटच्या पिनांवर डीसी व्होल्टेज मोजा. तिथे जवळजवळ शून्य हवं. दहा-वीस मिलिव्होल्ट किंवा जास्त दिसले, तर त्याआधीचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) डीसी गळू देतो आहे आणि पॉट बिचारा फुकट बदनाम होतो आहे. असा कपॅसिटर बदलल्यावर जुनाच पॉट निमूट चालतो.

टेप मॉनिटर आणि इनपुटच्या स्विचना बहुधा फवाराही लागत नाही. जी बटणं वर्षानुवर्षं दाबलीच गेली नाहीत तीच रुसतात. महिन्यातून एकदा सगळी बटणं खालीवर करण्याची सवय ठेवली तरी बराच फरक पडतो. मागच्या प्री-आउट, मेन-इनच्या पट्ट्या काढून कोरड्या कापडाने पुसा आणि घट्ट बसवा. त्या सैल झाल्यामुळे एक बाजू गेलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे आणि कितीतरी वेळा त्याआधी सगळं यंत्र खोलून झालेलं असतं.

ड्राय सोल्डर

सुरू केल्यावर अर्ध्या तासाने बाजू जाते, किंवा थंड असताना बंद आणि तापल्यावर चालू होते, तर हा तापमानाचा खेळ आहे आणि संशय ड्राय सोल्डरवर, म्हणजे पिनेला नीट न धरणाऱ्या सोल्डरच्या टाक्यावर, घ्यायचा. धातू आणि बोर्ड गरम होऊन फुगतात, थंड होऊन आकसतात. जड किंवा तापणाऱ्या भागाच्या पिनेभोवतीचा टाका हजारो वेळा ताणला जाऊन हळूहळू फाटतो.

फाटलेला टाका ओळखायला भिंग आणि तिरका प्रकाश लागतो. वरून पाहिलं तर सगळे टाके सारखेच दिसतात. टॉर्च आडवी धरून बोर्डाच्या कडेने प्रकाश टाका. चांगला टाका पिनेपर्यंत सलग चढलेला दिसतो. फाटलेल्यात पिनेभोवती एक बारीक, काळी, पूर्ण गोल रेघ असते, नखाच्या कडेला मळ बसावा तशी. पीन लाकडी काडीने जराशी दाबली तर टाक्याच्या मधोमध ती स्वतंत्र हललेली दिसते. आरसीए सॉकेटच्या (लाल-पांढऱ्या पिना जातात त्या सॉकेटच्या) पट्टीचे टाके, रिलेचे, स्पीकर टर्मिनलचे, पांढऱ्या सिमेंटच्या रेझिस्टरचे आणि व्होल्टेज रेग्युलेटरचे आधी बघा. सॉकेटवर दर वेळी केबल घालता-काढताना जोर येतो आणि बाकीचे तापतात.

शोधताना वाजत्या बोर्डावर लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने एकेका भागाला हलकेच टिचकी द्या. एक हात पाठीमागे ठेवा. सगळ्या बोर्डाला धक्का बसेल इतक्या जोरात ठोकलंत तर काहीच कळणार नाही.

नुसता गरम करून टाका पुन्हा वितळवणं हा अर्धा उपाय आहे. जुनं सोल्डर काढून टाका, पीन साफ करा, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं द्रव्य) लावून नवं भरा. शिशाचं ६३/३७ सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, नव्या यंत्रांतलं बिनशिशाचं साधारण २१७ अंशांच्या पुढे. म्हणून नव्या बोर्डावर जुन्या सवयीच्या तापमानाने काम केलं तर आपण स्वतःच नवा ड्राय सोल्डर तयार करतो.

उघडण्याआधी हे वाचाच

मेन्सची वायर प्लगमधून काढली तरी आत वीज असते. पुरवठ्यातला १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० व्होल्टला भरलेला असेल तर त्यात १२.५ जूल ऊर्जा असते, म्हणजे पेचकसाचं टोक वितळायला पुरेशी. पेचकसाने शॉर्ट करू नका. १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर दोन्ही टोकांना मिनिटभर धरा (हाताने नव्हे, इन्सुलेट केलेल्या क्लिपने) आणि मग मीटरने मोजून खात्री करा. व्हॉल्व्हच्या यंत्रात हेच व्होल्टेज ३००-४०० च्या घरात असतं. तिथे मोजमापाचा अनुभव नसेल तर झाकण बंदच ठेवा. अदलाबदलीच्या बाहेरच्या चाचण्या कुणीही करू शकतं आणि निम्मं निदान तेवढ्यात होतं.

दोष स्पीकरमध्ये निघाला तर

वायर आधी बघा. दोन्ही टोकांचं तांबं काळं-हिरवं पडलं असेल तर सेंटिमीटरभर कापून नवं टोक सोला. पिळून बसवताना एकही धागा शेजारच्या टर्मिनलला लागता कामा नये.

मग स्पीकर सोडवून मागच्या टर्मिनलवर रोध मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवतो, ४ ओहमचा तीन ते साडेतीन. कमी दिसलं म्हणून घाबरू नका, मीटर डीसी रोध मोजतं आणि स्पीकरवर लिहिलेला आकडा एसीचा असतो. आता मीटर लावलेलं असतानाच वूफरचा (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) कोन दोन्ही हातांच्या बोटांनी समान दाब देऊन अगदी सावकाश आत ढकला. कोन हलताना आकडा थोडा डळमळतो, कारण हलती कॉइल स्वतः व्होल्टेज निर्माण करते. पण एखाद्या जागी आकडा नाहीसाच झाला, मीटर एकदम अनंत दाखवायला लागलं, तर टर्मिनलपासून कोनपर्यंतची विणलेली लवचीक तार तुटते आहे. ती प्रत्येक ठेक्यावर वाकते, वर्षानुवर्षं वाकते आणि बहुधा कोनला चिकटवलेल्या जागेशी तुटते. बासच्या दणक्याला आवाज जाणं ही याचीच खूण आहे. तार बदलता येते, पण नवी तारही तशीच लवचीक विणीची हवी आणि लांबी जुन्याएवढीच ठेवायची. साधी वायर लावली तर ती ताठ असल्याने कोन ओढते आणि पुन्हा तुटते.

फक्त वरचे सूर गेले असतील तर ट्वीटर, म्हणजे ते वाजवणारा छोटा स्पीकर, पाहा. मागच्या टर्मिनलवरून तो मोजता येत नाही, कारण मध्ये क्रॉसओव्हरचा कपॅसिटर असतो. ट्वीटर बाहेर काढून थेट त्याच्या पिनांवर मोजावं लागतं. तो ठीक निघाला तर क्रॉसओव्हरच्या बोर्डावरचे टाके तपासा. पेटीतल्या सततच्या कंपनाने जड कॉइलचे टाके सुटतात.

फक्त रेकॉर्ड प्लेअरवर जात असेल तर

मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या डबीचा) सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्टच्या आसपास असतो, तर सीडी प्लेअरचा २ व्होल्टपर्यंत. इतक्या नाजूक सिग्नलला किंचितसा मळही अडवतो. हेडशेलमधल्या (कार्ट्रिज जिथे बसतं त्या टोकातल्या) चार बारीक क्लिपा चिमट्याने धरून काढा, कार्ट्रिजच्या पिना अल्कोहोलने पुसा आणि परत बसवा. पांढरी डाव्याची अधिक, निळी डाव्याची उणे, लाल उजव्याची अधिक, हिरवी उजव्याची उणे. आवाज जाऊन त्याऐवजी जोरात घुंई येत असेल, तर मधल्या पिनेचा नाद सोडा आणि उणे तार, म्हणजे आरसीएची बाहेरची कडी, तपासा.

झालं हे कधी म्हणायचं

दुरुस्तीनंतर मोठ्या आवाजात ऐकून समाधान मानू नका, मोठ्या आवाजात तर खराब संपर्कही चालतो. रात्रीच्या हळू आवाजात, सकाळी यंत्र थंड असताना पहिल्याच मिनिटाला आणि दोन तास तापल्यानंतर अशा तिन्ही वेळांना ऐका. एकच माणूस बोलतोय असं मोनो रेकॉर्डिंग लावा. दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधोमध बसलात तर आवाज मध्यातूनच आला पाहिजे. एका बाजूचा संपर्क अजून किंचित जरी कमकुवत असेल तरी तो दुसरीकडे सरकतो. आठवडाभर या तिन्ही वेळांना आवाज मध्यावर राहिला की झाकणाचे स्क्रू पूर्ण आवळा.

काम कारागिराकडे देणार असाल तर एका कागदावर लिहून द्या: कुठली बाजू जाते, थंड असताना की तापल्यावर, सगळ्या इनपुटवर की एकावर, मोनोत काय होतं, हेडफोनमध्ये काय होतं, स्पीकर अदलाबदल केल्यावर काय झालं. "एक स्पीकर कधीकधी चालत नाही" एवढंच ऐकलं तर त्यालाही टेबलावर वाट बघत बसावं लागतं. हा कागद हातात असेल तर तो यंत्र उघडल्यावर थेट त्या सांध्यापाशी जाईल.